नदीपात्रातला ढोल-ताशाचा सराव आणि काठावरची घरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सात वर्षं पथकात ताशा वाजवला. गेली अकरा वर्षं मुठेच्या काठी राहतोय, आणि घराची गॅलरी थेट नदीपात्रावर उघडते. त्यामुळे आषाढ लागला की दोन्हीकडून फोन येतात. एक म्हणतो, "तुझ्या त्या लोकांना सांग जरा." दुसरा म्हणतो, "तुझ्या सोसायटीतल्या काकांना आवर." तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत. उत्तरं पुण्यापुरती आहेत, मात्र कायद्याचा भाग सगळीकडे सारखाच लागू होतो.

१. सराव नेमका कधी सुरू होतो आणि किती दिवस चालतो?

साधारणपणे गणेश चतुर्थीच्या दोन महिने आधी. वादक कॉलेजात किंवा नोकरीवर असतात, त्यामुळे रोजची वेळ संध्याकाळी सहा-साडेसहा ते रात्री दहा. शनिवार-रविवारी काही पथकं सकाळीही जमतात. चतुर्थीनंतर सराव संपतो आणि वादन सुरू होतं. अनंत चतुर्दशीला विसर्जन झालं की ढोल उतरतात, पानं (ढोलाची ताणून बसवलेली तोंडं) सैल केली जातात, आणि नदीकाठी पुन्हा फक्त डास उरतात.

२. दरवर्षी तीच माणसं, तेच ताल. मग दोन महिने सराव कशाला हवा?

तीच माणसं नसतात, हीच तर खरी अडचण आहे. मोठ्या पथकात दरवर्षी वादकांचा बराच मोठा वाटा नवा असतो. कुणी बारावी होऊन आलेला, कुणी नोकरीसाठी पुण्यात आलेला. त्यांना आधी ढोल कमरेला बांधून उभं राहायला शिकावं लागतं. मग एका बाजूला टिपरू (ढोल वाजवायची काठी) आणि दुसऱ्या बाजूला हाताची थाप, हे दोन्ही एका वेळी जमवायचं. त्यानंतर 'हात', म्हणजे ठरलेल्या तालरचना. ताशा पुढे बोलतो, ढोल त्याला उत्तर देतो, मधे झांज आणि टोल (ठोकून वाजवायची धातूची तबकडी). पन्नास-साठ जणांनी एका क्षणी थांबायचं आणि एका क्षणी उचलायचं, हे दोन-चार संध्याकाळींत होत नाही.

काठावरच्या माणसाला याचाच जास्त त्रास होतो. मिरवणुकीतलं वादन निदान सुरात असतं. सरावात एक हात चालू होतो, सोळाव्या मात्रेला कुणीतरी चुकतं, शिट्टी वाजते, सगळं थांबतं आणि पुन्हा पहिल्यापासून. एका संध्याकाळी मी गॅलरीत बसून मोजलं: एकच हात एकाच जागी सत्तावीस वेळा तुटला. अठ्ठाविसाव्या वेळी जमला तेव्हा खालच्या पोरांनी जल्लोष केला, आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या कौतुकाच्या नव्हत्या.

३. रात्री दहाच्या आत कितीही मोठ्याने वाजवायला परवानगी असते का?

नाही. 'दहाच्या आत सगळं चालतं' हा दोन्ही बाजूंचा आवडता गैरसमज आहे.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० सालचे. त्यांत सकाळी ६ ते रात्री १० हा दिवस आणि रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. याशिवाय सार्वजनिक जागेसाठी वेगळी अट आहे. जिथे आवाज केला जातो त्या जागेच्या हद्दीवर, त्या भागाच्या मर्यादेहून १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतलं जे कमी असेल तेवढंच चालतं. म्हणजे निवासी भागात ६५.

आता स्पष्टच सांगतो. दोन माणसं समोरासमोर बोलतात तो आवाज साठच्या आसपास असतो. पासष्टच्या आत बसणारं ढोल-ताशा पथक अजून जन्माला यायचंय. कागदावरचा नियम जसाच्या तसा लावला तर शहरातलं एकही पथक वाजवू शकणार नाही, आणि हे पोलिसांना, पथकांना, तक्रारदारांना, सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून प्रत्यक्षात भांडण डेसिबलवर मिटत नाही. ते वेळ, जागा आणि दिवस यांवर मिटतं. खालची बरीच उत्तरं त्या धोरणानेच लिहिली आहेत.

४. ढोल म्हणजे काही लाउडस्पीकर नव्हे. त्याला हे नियम कसे लागतात?

लागतात. सुरुवातीला रात्रीचं बंधन लाउडस्पीकरपुरतंच होतं. २०१० च्या दुरुस्तीत आवाज करणारी साधनं आणि वाद्यंही त्यात आली. रात्री दहानंतर ती फक्त सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आतल्या आत ऐकू येण्यापुरती वाजवता येतात. हद्दीवरच्या मर्यादेच्या नियमातही लाउडस्पीकरबरोबर 'आवाजाचा इतर कोणताही स्रोत' असे शब्द आहेत. "आमचं पारंपरिक वाद्य आहे, वीज लागत नाही" हा मुद्दा मंडपात टाळ्या मिळवतो, पोलीस ठाण्यात नाही.

५. उत्सवात बारापर्यंत सूट असते. मग ती सरावाला का नाही?

राज्य सरकार सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी रात्री १० ते १२ अशी सवलत देऊ शकतं, पण वर्षभरात १५ दिवसांपेक्षा जास्त नाही. हे दिवस आधी जाहीर होतात. गणेशोत्सवातले काही ठरावीक दिवस त्यात असतात. सगळे दहाही असतील असं धरून चालू नका. त्या वर्षीची यादी पाहा.

सराव या यादीत कधीच नसतो. आणखी एक गोष्ट पथकवाल्यांच्या लक्षात येत नाही: ही सवलत वेळेची आहे, आवाजाची नाही. त्या दिवशीही वर सांगितलेल्या मर्यादा (प्रश्न ३) कागदावर कायमच असतात.

६. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये ८८ आलं. हा पुरावा धरतात का?

अधिकृत मोजणी म्हणून नाही. पोलिसांकडे आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे प्रमाणित मीटर असतात, आणि मोजलेला आकडा काही काळाच्या सरासरीतून निघतो. फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो. मोठा आवाज आणि खर्ज (खालच्या पट्टीतला जाड आवाज) या दोन्ही ठिकाणी तो गडबडतो.

तरी अ‍ॅप वापरा. एक सुटा आकडा फारसा कामाचा नाही, पण रोज त्याच खिडकीत, त्याच फोनवर, तारीख-वेळ टाकून पंधरा दिवस नोंद ठेवलीत तर तिला वजन येतं. विशेषतः 'किती वाजता थांबले' हा रकाना. रात्री दहानंतरच्या तक्रारीला आकडा लागतच नाही, व्हिडिओत घड्याळ आणि आवाज एकत्र आले की पुरे. दिवसाच्या तक्रारीसाठी मात्र आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त असावा लागतो.

७. मीटरवर आकडा फार दिसत नाही, पण आमच्या काचा थरथरतात. आम्ही खोटं बोलतोय का?

अजिबात नाही. नियमातला डेसिबल 'ए' प्रकारचा आहे, म्हणजे माणसाच्या कानाच्या सवयीप्रमाणे दुरुस्त केलेला. त्यात खर्जाला कमी भाव मिळतो. शंभर हर्ट्झच्या आवाजाला मीटर जवळपास १९ डेसिबल कमी मोजतो आणि पन्नास हर्ट्झला सुमारे ३०. ढोलाचा घुमारा नेमका याच खालच्या पट्ट्यात आहे. शिवाय खर्ज भिंतीला आणि बंद खिडकीला फारसा जुमानत नाही. म्हणून खिडकी लावली की ताशाची तडतड कमी होते, पण ढोल छातीत वाजतच राहतो.

आमच्याकडे फ्रिजवर स्टीलचं भांडं ठेवलं की ठराविक हाताला ते किणकिणतं. भांड्याखाली दुमडलेलं फडकं ठेवा, काचेच्या खाचेत रबरी पट्टी बसवा. त्याने ढोल थांबणार नाही, पण घरातली किणकिण थांबते. अर्धा वैताग तिचाच असतो.

८. पथकातले ढोल कमी करायला लावले तर प्रश्न सुटेल का?

वाटतं तेवढा नाही. डेसिबलचं गणित साध्या बेरजेचं नाही. पन्नास ढोलांचे पंचवीस केले तर आवाज जेमतेम ३ डेसिबल उतरतो. शंभराचे तीस केले तरी साधारण ५. ऐकणाऱ्याला आवाज 'निम्मा झाला' असं वाटायला सुमारे १० डेसिबलचा फरक लागतो, म्हणजे शंभराचे दहाच उरले पाहिजेत.

हा वाद दिल्लीपर्यंत गेलेला आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या पीठाने ३० ऑगस्ट २०२४ रोजी एका पथकात ढोल, ताशे आणि झांजा धरून ३० जणांची मर्यादा घातली. एका पथकाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि १२ सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे विसर्जनाच्या पाच दिवस आधी, न्यायालयाने त्या मर्यादेला स्थगिती दिली. ढोल-ताशा हे पुण्याचं हृदय आहे अशा अर्थाचं सरन्यायाधीशांचं वाक्य तेव्हा सगळ्या पथकांच्या स्टेटसला झळकलं. मात्र स्थगिती त्या संख्येच्या मर्यादेला होती. ध्वनीचे मूळ नियम कुणी उचलून बाजूला ठेवले नव्हते. स्टेटसमध्ये एवढं मावत नाही.

संख्या कमी करण्याचा खरा फायदा वेगळा आहे. तीस जणांचा सराव लवकर जमतो आणि लवकर संपतो.

९. मग आवाज खरोखर कमी करायचा तर काय करावं?

अंतर वाढवा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. इमारतीपासून वीस मीटरवर वाजवणारं पथक ऐंशी मीटरवर गेलं तर कागदावर बारा डेसिबल उतरतात. जवळजवळ सगळे ढोल काढून घेतल्यासारखंच ते. नदीपात्रात समोरच्या काठावरच्या इमारतींवरून आवाज परत येतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी मिळतं, पण मिळतं.

जागा बदलता येत नसेल तर दिवस वाटून घ्या. दोन पथकं शेजारी-शेजारी एकाच वेळी वाजवतात तेव्हा प्रत्येक जण दुसऱ्याच्या वरताण करायला जातो. नदीपात्रात हे रोज दिसतं, आणि जागा आक्रसत चालल्याने वाढलंय. मेट्रोचे खांब आले, नदीकाठ सुधारणेची कामं आली, मोकळे पट्टे कमी झाले आणि पथकं एकमेकांच्या अंगावर आली.

नवख्यांना पहिल्या आठवड्यात ढोल देऊच नका. बोल तोंडपाठ करून मांडीवर हात शिकता येतात. आमच्या वेळी ताशाला लाकडी फळी दिली होती. पंधरा दिवस फळीवरच काड्या चालल्या. ताशा हातात आला तेव्हा चुका संपलेल्या होत्या, निदान बऱ्याचशा.

ताडपत्रीवर मात्र पैसे घालवू नका. ताडपत्री पाऊस अडवते, आवाज नाही. आवाज अडवायला वजन लागतं: वीट, माती, काँक्रीट. मैदानाच्या कडेला असलेली पक्की भिंत आडोशाला घेऊन उभे राहिलात तर ताडपत्रीपेक्षा बरंच काम होतं.

१०. तक्रार कुठे करायची?

त्या क्षणी वाजत असेल तर ११२. या नियमांखाली कारवाईचा अधिकार असलेली यंत्रणा पोलीसच आहे. रोजचा त्रास असेल तर आपल्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे गप्पा. अर्जात 'फार आवाज होतो' एवढंच लिहू नका. जागा, पथकाचं नाव माहीत असेल तर ते, तारखा, सुरू आणि बंद होण्याच्या वेळा लिहा (नोंदीबद्दल प्रश्न ६ पाहा). जागेच्या परवानगीबद्दल शंका असेल तर जागा कुणाची आहे ते पाहून महापालिकेला किंवा जलसंपदा खात्याला वेगळं पत्र द्या.

पण त्याआधी एकदा खाली उतरून पथकप्रमुखाला भेटा. कुणी तरी येऊन नीट बोललं तर निम्मी पथकं ऐकतात. उरलेल्या निम्म्यांसाठी अर्ज आहेच.

११. तक्रार केली तर माझं नाव त्यांना कळेल का? सगळी गल्लीतलीच मुलं आहेत.

हा प्रश्न नेहमी रात्री अकराला आणि 'कुणाला सांगू नका' असं म्हणून येतो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने भोंग्यांसंबंधीच्या एका निकालात पोलिसांना स्पष्ट सांगितलं की ध्वनिप्रदूषणाच्या तक्रारीत तक्रारदाराची ओळख पडताळत बसू नये आणि मिळाली तरी ती समोरच्याला कळू देऊ नये. अर्जात या निकालाचा उल्लेख करा.

तरीही व्यवहार सांगतो: गल्लीत गुपित टिकत नाही. मागे एकदा मी फोन केला होता, तर पाचव्या मिनिटाला खालून माझ्याच नावाने हाक आली. एकट्याने तक्रार करण्यापेक्षा आठ-दहा घरांनी एकत्र सही केलेलं पत्र जास्त सुरक्षित आणि जास्त परिणामकारक. एका नावावर राग काढता येतो, दहा नावांवर काढायला वेळ लागतो.

१२. पोलीस आले की थांबतात, गेले की पुन्हा सुरू. मग?

मग एका फोनवर भागणार नाही. याच नियमांत (नियम ८) पोलिसांना लेखी आदेश काढून वादन थांबवण्याचा किंवा त्यावर अटी घालण्याचा अधिकार आहे. 'आठवड्यातून चारच दिवस', 'साडेनऊपर्यंतच' अशा अटी यात बसतात. बंदीपेक्षा अशा अटी मिळणं सोपं असतं आणि त्या पाळल्याही जातात. पथकालाही अशा आदेशात बदल मागता येतो आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं.

त्यानेही झालं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे सार्वजनिक उपद्रव थांबवण्यासाठी अर्ज करता येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं हे कलम १३३. भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक उपद्रवाला कलम २९२ खाली हजार रुपयांपर्यंतच दंड आहे, तेव्हा त्या कलमाची धमकी कुणाला फारशी लागत नाही. पर्यावरण संरक्षण कायद्याखालचा दंड मात्र एप्रिल २०२४ पासून दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत आहे. हा आकडा पथकाच्या खजिनदाराला एकदा वाचून दाखवा.

१३. शेजारी हॉस्पिटल आहे. तिथे शंभर मीटरपर्यंत आपोआप शांतता क्षेत्र असतं ना?

पूर्वी तसंच धरलं जायचं: रुग्णालयं, शिक्षणसंस्था आणि न्यायालयं यांच्या भोवती शंभर मीटर. ऑगस्ट २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने तसं जाहीर केलेलं असेल तरच ते शांतता क्षेत्र ठरतं. त्यामुळे फक्त पाटी बघून वाद घालू नका. आधी पोलीस ठाण्यात किंवा महापालिकेत विचारा.

कायदा काहीही असो, रुग्णालयाच्या भिंतीलगत सराव करणाऱ्या पथकाचं समर्थन मला करता येत नाही, आणि मी पथकातला आहे.

१४. घरात तान्हं बाळ आहे (किंवा नुकतंच ऑपरेशन झालेली सासू आहे, किंवा सीएची परीक्षा आहे). दोन महिने कसे काढायचे?

दोन महिन्यांचं मागू नका, नेमके दिवस मागा. "२० ते २८ तारखेपर्यंत आमच्या बाजूला तोंड करून वाजवू नका" या मागणीला पथक सहसा हो म्हणतं. "सराव बंद करा"ला कुणीच म्हणत नाही. बाळाची खोली नदीच्या उलट बाजूला हलवा. घरातल्या घरातल्या सोयी प्रश्न ७ मध्ये आहेत.

१५. आम्ही पथकवाले. समोरच्या सोसायटीने वकिलाचं पत्र पाठवलंय. उत्तर द्यायचं की दुर्लक्ष करायचं?

उत्तर द्या, आणि वकिलाआधी स्वतः जा. टी-शर्ट घालून पंधरा जण जाऊ नका, त्याला भेट म्हणत नाहीत. पथकप्रमुख, एखादी वयाने मोठी ताई आणि हिशेब ठेवणारा, असे तिघं पुरेत. सोबत एका कागदावर लिहून न्या: सरावाचे दिवस, सुरू-बंद होण्याची वेळ, सुट्टीचे वार, रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर. तो नंबर फार महत्त्वाचा. लोक आवाजाने जेवढे चिडतात, त्याच्या दुप्पट 'कुणाला सांगायचं तेच कळत नाही' याने चिडतात.

हे सगळं जूनमध्ये, पहिला ढोल वाजायच्या आधी केलंत तर वकिलाचं पत्र येतच नाही. आमच्या काठावर एका पथकाने दर बुधवारी सुट्टी घ्यायचं कबूल केलं आणि ते पाळलं. आवाज एका डेसिबलनेही कमी झालेला नव्हता, पण तक्रारी थांबल्या. बुधवारी संध्याकाळी गॅलऱ्या भरतात आता.

सुपारीच्या वादनाचं वेगळं. लग्न, उद्घाटन, आगमन मिरवणूक, कुठलीही सुपारी घेतली की परवानगी कुणी काढायची हे बोलावणाऱ्याकडून लिहून घ्या. पोलिसांनी अडवलं की यजमान मांडवामागे गायब होतात आणि ढोल जप्तीची पाळी तुमच्यावर येते.

१६. सोसायटीच्या आवारातच आमची मुलं आमच्याच गणपतीसाठी वाजवतात. घरचं कार्य आहे, नियम कशाला?

खाजगी जागेला अट जास्त कडक आहे: हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलच जास्त. आवारात चारी बाजूंनी इमारती असतील तर आवाज विहिरीत घुमावा तसा घुमतो, म्हणून सहा ढोलसुद्धा साठांसारखे वाटतात. मुलांना तासभर द्या, पार्किंगच्या स्लॅबखाली मात्र देऊ नका.

१७. सभेत ठराव झाला: 'परिसरात ढोल-ताशा बंद'. आता पथकावर तो लागू होईल का?

नाही. सोसायटीचा ठराव सोसायटीच्या सभासदांना आणि तिच्या आवाराला. नदीपात्र तुमच्या सातबाऱ्यावर नाही. ठरावाची प्रत अर्जाला जोडा (प्रश्न १०), तेवढा त्याचा उपयोग. आणि मतदानाआधी किती सभासदांची मुलं पथकात आहेत ते मोजा. आमच्याकडे ठराव मांडणाऱ्याचीच पुतणी ध्वजधारी निघाली. चहा झाला, ठराव पुढच्या सभेवर गेला.

१८. "आवाज नको असेल तर गावाला जा", "धर्माच्या आड येता" असं ऐकवतात. याला काय म्हणायचं?

म्हणायला न्यायालयांनी बरंच ठेवलंय. २००० साली चेन्नईतल्या एका चर्चच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असं कोणताही धर्म सांगत नाही, ना ध्वनिवर्धक लावून ना ढोल बडवून. १८ जुलै २००५ च्या निकालात शांतपणे जगण्याचा हक्क जीविताच्या मूलभूत हक्कात धरला आणि ऐकायची इच्छा नसलेल्यावर आवाज लादता येत नाही असं सांगितलं.

पण हे संध्याकाळी साडेआठला, ढोल कमरेला बांधलेल्या एकवीस वर्षांच्या पोराला ऐकवू नका. त्याच्या डोक्यात तेव्हा धर्म नसतो, चुकलेला हात असतो. भक्तीपेक्षा मैत्री, घाम आणि लक्ष्मी रस्त्यावर वाजवायचं स्वप्न यांसाठीच बहुतेक जण येतात. मीही त्यासाठीच गेलो होतो.

१९. वाजवणाऱ्या मुलांच्या कानांना काही होत नाही का?

होतं, आणि सगळ्यात जास्त त्यांनाच होतं. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी वापरला जाणारा अमेरिकी निकष असा: ८५ डेसिबल आठ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला तो पंधरा मिनिटांवर येतो. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर सीओईपी या पुण्यातल्या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेचे लोक वर्षानुवर्षं आवाज मोजत आलेत आणि अनेकदा आकडे शंभरच्या पुढे गेलेत. ताशावाल्याचा कान तर वाद्यापासून हातभर अंतरावर. कापसाचा बोळा उपयोगाचा नाही. औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात. ते पिळून, कान वर ओढून नीट आत बसवले तर वीसेक डेसिबल अडतात आणि ताल तरीही ऐकू येतो. माझ्या डाव्या कानात शांत खोलीत बारीक शिटी वाजते. सात वर्षं कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

२०. वासुदेव, बँडवाले, फुटपाथवर गिटार घेऊन गाणारी मुलं, यांनाही हेच नियम?

शब्दशः हेच. पहाटे साडेपाचला टाळ-चिपळ्या वाजवत येणारा वासुदेवसुद्धा नियमाच्या भाषेत 'रात्री सार्वजनिक जागी वाद्य' ठरतो. त्याच्याविरुद्ध आजवर कुणी अर्ज केल्याचं माझ्या कानावर नाही, आणि कुणी केलाच तर माझ्याकडे मसुदा मागू नये. गिटारवाल्यांचं भांडण बहुधा सोबतच्या छोट्या स्पीकरवरून होतं. स्पीकर काढला की गिटार चार दुकानांपलीकडे जात नाही. बँडचं सगळं प्रश्न १५ मधल्या सुपारीसारखंच.

२१. दहा वाजले, पण शेवटचा हात रंगात आलाय. मधेच तोडायचा का?

तोडायचा नाही, कारण तो दहा वाजता चालू असताच कामा नये. शेवटचा हात पावणेदहाला घ्या. दहाला ढोल कमरेवरून उतरलेले हवेत, दहा वाजता उतरवायला सुरुवात नको. आणि खरी मेख त्यानंतर आहे, जी एकाही नियमात सापडणार नाही. ढोल थांबले की चाळीस गाड्या एकदम सुरू होतात, कुणीतरी कुणालातरी पुलापर्यंत हाका मारतं, झांजा पोत्यात टाकताना खणखणतात, आणि वडापावच्या गाडीपाशी साडेदहापर्यंत उद्याच्या हातावर वाद चालतो. झांजांच्या मधे गोणपाट घाला, गाड्या पुलापर्यंत ढकलत न्या, वाद पुलापलीकडे घाला. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी दहाला ढोल थांबल्यावर दिवा मालवतात आणि शेवटची गाडी गेल्यावर कूस बदलतात.